पोळ्याची पात्रता फेरी

पहिला कोण, हे ठरवायची धड पद्धत जगात कुणाकडं असेल तर त्यानं माझ्यासमोर यावं. मी मारणार नाही, मी मास्तर माणूस आहे. फक्त त्याला श्रावण संपता संपता आमच्या गावात आणून उभा करीन, त्याच्या हातात माझं स्टॉपवॉच देईन आणि घरी जाऊन आतून कडी लावून घेईन.

गावाचं नाव सांगत नाही. राजूरपासून चार कोस, एवढं पुरे. तिथं मी सहा वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेचा मुख्याध्यापक होतो. आज परतूरकडच्या ज्या शाळेत आहे तिथं मुख्याध्यापक नाही, साधा शिक्षक आहे. मधल्या काळात काय झालं, तेच सांगून राह्यलोय.

मोटारींच्या शर्यतीचा नाद मला केबलनं लावला. मराठवाड्यातल्या मास्तरला फॉर्म्युला वन कशाला पाहिजे, असं तुम्ही म्हणाल. माझी बायको कौसल्याही हेच म्हणायची. पण शर्यत मी बघतच नव्हतो. रविवारी ते लोक दोन तास गोल गोल फिरतात, त्यात बघायचं काय? मी बघायचो शनिवारची पात्रता फेरी. रविवारी सगळ्यात पुढं कोण उभं राहणार आणि मागं कोण, हे शनिवारी वेळ मोजून ठरतं. ना वशिला, ना चिठ्ठी, ना वाडवडिलांचा हक्क. एका फेरीला किती सेकंद लागले, बास. गणिताच्या मास्तरला ह्याहून जास्त काय पाहिजे?

तर ही शनिवारची पद्धत ते लोक सारखी बदलायचे. आधी एक तास मोकळा असायचा, वाटेल तेव्हा जा. मग २००३ साली ठरलं, एकेकट्यानं जायचं आणि एकच फेरी मारायची. मधेच दोन दिवसांच्या वेळांची बेरीज करून पाहिली, ती त्यांनाच झेपली नाही. आणि २००६ साली गाळणी आली: तीन भाग, पहिल्या भागात शेवटचे काही बाद, दुसऱ्यात आणखी काही बाद, उरलेल्यांत तिसरा भाग. ह्या प्रत्येक पद्धतीवर माझी मतं होती. जुन्या जालन्यात माझा मेहुणा वसंता राहतो, तो ती ऐकून घ्यायचा, कारण बहीण दिलेली. बाकी कुणी ऐकत नव्हतं. ऐकत नव्हते तेच बरं होतं, हे आता कळतं.

आता गावाचं ऐका. आमच्या गावचा पोळा दोन वर्षं फुटलाच नव्हता. वेशीवर तोरण बांधतात, सगळ्यांचे बैल सजून तिथं जमतात, आणि मानाची जोडी तोरणाखालून गेली की बाकीच्यांनी जायचं. मान कुणाचा? तर काकासाहेबांचा, असं माजी सरपंच काकासाहेब सांगायचे. आणि कारभारींचा, असं त्यांचे चुलतभाऊ कारभारी सांगायचे. दोघांचे पणजे जुळे होते. त्यांतला आधी कोण जन्मला, हे फक्त सुईणीला माहीत होतं आणि ती कुणाला न सांगता मेली. २००४ साली ह्यावरून तोरणाखालीच चाबूक चालले, सात डोकी फुटली आणि एकही बैल पलीकडं गेला नाही. २००५ साली डोकी फुटू नयेत म्हणून ठाण्यानं पोळाच बंद ठेवला.

२००६च्या पंधरा ऑगस्टला ग्रामसभा होती. झेंडावंदन झाल्यावर मी तिथं बसलेलो, कारण मुलांच्या गोळ्या-बिस्किटांचा हिशेब मला द्यायचा होता. पोळ्याचा विषय निघाला आणि दोघे चुलतभाऊ उठून उभे राहिले. तेवढ्यात बायकांमधून नंदाबाई उठल्या. विधवा बाई, पन्नाशीच्या, चार एकर शेती स्वतः करायच्या. रोज सकाळी लुनाला दोन्हीकडं दुधाचे कॅन बांधून राजूरला डेअरीवर न्यायच्या. ग्रामसभेत त्या कधी बोलल्या नव्हत्या.

"मला मानबिन काई नको," त्या म्हणाल्या. "पहिलं न्हाई, दहावं न्हाई, शेवटी सोडा. पर सोडा. मालक गेले तवापासून हौशावरच माझं रान चाललंय. त्याचे सोळा पोळे झाले वेशीतून. आता दोन सालं झाली, मी त्याला धुते, शिंगं रंगवते, झूल घालते, आन् गोठ्यातच उभा करते. तो दाराकडं पाहत ऱ्हातो. त्याचे दात गेलेत, फुडल्या साली ऱ्हातो का न्हाई, सांगता येत न्हाई. ह्या साली एक डाव त्याला तोरणाखालनं जाऊ द्या."

काकासाहेब म्हणाले, "जाऊ दे की. आमची जोडी गेली की बिलकुल जाऊ दे." कारभारी म्हणाले, "तुमची कशी? आमची गेली की जाऊ दे." आणि पुन्हा तेच.

मला त्या बाईचं वाईट वाटलं. खरंच वाटलं. आणि माणसाला खरंच वाईट वाटलं की त्यानं तोंड बंद ठेवावं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "वेळ मोजून ठरवा ना."

पुढची वीस मिनिटं मी जे बोललो ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण होतं. फॉर्म्युला वन, पात्रता फेरी, सेकंदाचा हजारावा भाग, सगळं सांगितलं. जगातले राजे-महाराजे जिथं शर्यत बघायला येतात, तिथं पुढं उभं राहायचा मान असा ठरतो, तर आपल्याला काय झालं? लोकांना पटलं. राजे-महाराजे तर फारच पटले. फक्त रखमाजी नावाचे एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "गुरुजी, तुम्ही बैलाला पळवणार? आदल्या दिवशी खांदेमळणी असते. हळद-लोणी लावून बैलाला सांगतो, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. आन् त्याच बैलाला शर्यतीला जुंपायचं? पाप लागंल."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी खाली बसणार होतो. पण पुंजाराम, आमच्या ग्रामपंचायतीचा शिपाई, कुणीही विचारलेलं नसताना म्हणाला, "बैलाला न्हाई तर मालकाला पळवा. ट्रॅक्टरवर." टाळ्या पडल्या. बैलांचा मान ट्रॅक्टरनं ठरणार, असा ठराव एकमतानं मंजूर झाला, आणि 'सदर कामी मुख्याध्यापक यांनी जबाबदारी स्वीकारली' असं ग्रामसेवकानं खाली लिहिलं. मी स्वीकारलेली नव्हती. घरी आल्यावर कौसल्या एवढंच म्हणाली, "तुमच्या घरी बैल न्हाई, ट्रॅक्टर न्हाई, शेत न्हाई. फक्त डोकं हाय, ते फुटायचं राह्यलं व्हतं."

परवानगीसाठी तालुक्याला गेलो. अर्जात 'मोटार शर्यत' लिहिलं होतं. कारकुनानं चष्मा वर करून मला पाहिलं आणि यादी दिली: आरटीओचा दाखला, बांधकाम खात्याचं रस्त्याबद्दल ना-हरकत, रुग्णवाहिका, अग्निशमन बंब, विमा, आणि प्रत्येक चालकाच्या घरच्यांची संमती. पोळ्याला सहा दिवस उरले होते. माझा चेहरा पाहून त्याला दया आली असावी. म्हणाला, "गुरुजी, शर्यत कशाला लिहिता? फेरी लिहा. प्रभातफेरीला आमची परवानगी लागतच न्हाई. मुख्याध्यापकाची लागते." मी परत आलो आणि मुख्याध्यापक ह्या नात्यानं मला स्वतःला प्रभातफेरीची परवानगी दिली. जावक क्रमांक टाकला, शिक्का मारला. तो कागद पुढं फार लांब गेला.

नियमावली मी स्वतः लिहिली. आठ कलमं, फुलस्केप, कार्बन लावून तीन प्रती. मार्ग असा: वेशीतून निघायचं, बाजारगल्लीतून मारुतीला वळसा, ओढ्याच्या रस्त्यानं खाली, आणि शेवटचा चढ चढून परत वेशीत. वाहन शेतीच्या कामातलंच पाहिजे, हे कलम तीन. त्यामुळं पोरांच्या मोटारसायकली बाद झाल्या, कारण त्या फक्त राजूरला भजी खायला जातात. बाकी अकरा ट्रॅक्टर निघाले आणि नंदाबाईंची लुना. दूध हे शेतीचंच काम, असा निर्णय मी दिला. ज्यांच्याकडं काहीच नव्हतं ते म्हणाले, आम्ही मागंच असतो, मागंच राहू. आणि कलम सात: वाहन स्वतःच्या इंजिनावरच चाललं पाहिजे. हे मी काकासाहेबांच्या पुतण्यांसाठी लिहिलं होतं, कारण ते चढावर ट्रॅक्टर ढकलतील असा माझा अंदाज होता.

रविवारी पहिली पद्धत लावली: एक तास मोकळा, ज्याला वाटेल त्यानं जावं. आणि इथं माझी चूक झाली. मी त्यांना त्यातली खुबी समजावून सांगितली. म्हणालो, शहाणे लोक लगेच जात नाहीत. आधी दुसऱ्याला जाऊ देतात, रस्त्यातली माती-खडी दुसऱ्याच्या चाकानं बाजूला होऊ देतात आणि शेवटी जातात. झालं. चार वाजता मी शिट्टी मारली आणि अकराच्या अकरा ट्रॅक्टर जागेवर धूर सोडत उभे राहिले. "तुम्ही व्हा फुडं." "न्हाई, न्हाई, तुम्ही मोठे." एरवी पाणी शेंदायला कुणी कुणाला पुढं जाऊ देत नाही, आणि त्या दिवशी गावात असा विनय दिसला की मला गहिवरून आलं. पावणेपाच झाले. नंदाबाई एकट्या गेल्या, कारण त्यांना म्हशीची धार काढायची होती. पाचला पाच कमी असताना सगळे एकदम निघाले. बाजारगल्ली आठ फूट रुंद आहे. पहिल्या दोघांनी ती भरून टाकली आणि बाकीचे मागं अडकले. ट्रॅक्टर सोडवायला अंधार पडेपर्यंत लागलं. एका किराणा दुकानाचं छप्पर कायमचं गेलं आणि त्या दिवशीची फेरी रद्द झाली.

सोमवारी दुसरी पद्धत: एकेकट्यानं, एकच फेरी. शहाणपण म्हणून मी खुबी सांगितली नाही. पण मग प्रश्न आला, आधी कोण जाणार? काकासाहेब म्हणाले, पहिला मान आमचा. कारभारी म्हणाले, पहिला मान कुणाचा हे ठरवायलाच तर आलोय, मग तो आधीच तुमचा कसा? हा तर्क बरोबर होता. मी म्हणालो, चिठ्ठ्या टाकू. कारभारी म्हणाले, चिठ्ठ्याच टाकायच्या तर बैलाच्याच टाका की, हे डिझेल कशाला जाळता? हाही तर्क बरोबर होता. मी म्हणालो, शेवटी जाणाऱ्याचाच फायदा असतो हो, रस्ता साफ मिळतो. तेव्हा दोघांनाही शेवटी जायचं झालं. थोड्या वेळानं काकासाहेबांच्या लक्षात आलं की पहिलं जाण्यातही मान आहे आणि शेवटी जाण्यातही फायदा आहे. ते म्हणाले, मी पहिलाही जातो आणि शेवटीही जातो. साडेसहाला मी टेबल-खुर्ची उचलून घरी आलो. दिवसभरात एकही चाक फिरलं नव्हतं.

वाटेत नंदाबाई भेटल्या. "गुरुजी," त्या म्हणाल्या, "व्हईल ना हो पोळा?"

"होणार," मी म्हणालो. माझा स्वतःचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता.

"नवा गोंडा आणलाय हौशाला. लाल." आणि त्या लुनाला पायडल मारत निघून गेल्या.

रात्री वसंताला फोन लावला. गाळणीशिवाय आता गती नव्हती, पण गाळणीचा तिसरा भाग मला नीट समजलेला नव्हता. टीव्हीवर पाहिलं तर त्या भागात सगळे बराच वेळ नुसतेच फिरत राहायचे. वसंता म्हणाला, "दाजी, ते पेट्रोल जाळायला फिरतात. जितकं जाळतील तितकं त्यांना शर्यतीला परत भरून मिळतं." मी विचारलं, कशाला? तो म्हणाला, कशाला ते त्यांनाही म्हाईत न्हाई, नियम हाय. हे मी आमच्या शेतकऱ्यांना सांगणार होतो का? डिझेल आणायला राजूरला जाऊन रांगेत उभं राहणाऱ्या माणसाला, की बाबा, ह्याचा मान वाढावा म्हणून ते उगीच जाळ? तिसऱ्या भागातला तो प्रकार मी गुपचूप गाळून टाकला.

मंगळवारी, खांदेमळणीच्या दिवशी, गाळणी लावली. बारा वाहनं. पहिल्या भागात शेवटचे चार बाद. मी फलकावर चार नावं लिहून पुढं 'बाद' असं लिहिलं, आणि एक धिप्पाड शेतकरी टेबलापर्यंत चालत आला. म्हणाला, "आज माझ्या बैलाच्या खांद्याला हळद लागलीय आन् तुम्ही त्याला बाद म्हणून राह्यले?" मी म्हणालो, बैल नाही, ट्रॅक्टर बाद. तो म्हणाला, ट्रॅक्टर बैलाच्या नावानं पळला. मी त्याच्या नावापुढचं 'बाद' पुसून 'विश्रांती' लिहिलं. तेव्हा तो शांत झाला आणि बायकोला म्हणाला, बघ, आपल्याला विश्रांती भेटली. बाकीच्या अकरांनी लगेच विचारलं, ती ह्यालाच का?

पण गाडी रुळावर होती. खरंच होती. दुसरा भागही झाला. शेवटी चौघे उरले: काकासाहेब, कारभारी, रखमाजी, आणि नंदाबाई. त्या कशा उरल्या, तर मारुतीच्या वळणावर प्रत्येक ट्रॅक्टरला तीनदा मागं-पुढं करावं लागत होतं आणि लुना सरळ वळत होती. त्या रस्त्यातला प्रत्येक खड्डा त्यांना ओळखीचा होता. तिसऱ्या भागात कारभारींना लागली तीन मिनिटं चार सेकंद. काकासाहेबांना तीन मिनिटं पाच. रखमाजींचा ट्रॅक्टर ओढ्यात बंद पडला. आणि नंदाबाई पदर खोचून, रिकामे कॅन वाजवत, दोन मिनिटं एकोणीस सेकंदांत वेशीतून आत आल्या.

मी फलकावर पहिल्या जागी त्यांचं नाव लिहिलं. अठ्ठेचाळीस वर्षांच्या आयुष्यात माझ्या डोक्यातून निघालेली एक गोष्ट पहिल्यांदा बरोबर आली होती. नंदाबाईंना मात्र कळेना. "म्हंजे उद्या पोळा हाय ना?" एवढंच त्या विचारत होत्या.

तेव्हा काकासाहेबांचा पुतण्या नुसत्या अंदाजानं म्हणाला, "बाईनं चढावर पायडल मारलं."

सगळे माझ्याकडं वळले. कलम सात. स्वतःच्या इंजिनावर. चढाच्या टोकाला उभा असलेला मी एकटाच, बाकी गाव चावडीच्या सावलीत. मी पाहिलं होतं. दोनदा मारलं होतं पायडल, डावं एकदा आणि उजवं एकदा. तीस वर्षं पोरांना खोटं बोलू नका असं शिकवत आलेला मी माणूस. मी म्हणालो, "मी न्हाई पाहिलं."

"मारलं की," नंदाबाई म्हणाल्या. "गुरुजी, तुमचं ध्यान नसंल. दोन डाव मारलं. त्याशिवाय चढती का ती?"

मला रडू यायचं बाकी होतं. बाई गं, गप्प बस ना, असं मनात शंभरदा म्हणालो. पण त्या साध्या चेहऱ्यानं उभ्या होत्या. खोटं बोलायचं त्यांना सुचलंच नव्हतं. मी त्यांचं नाव पुसलं. आता पहिले कारभारी. तशी काकासाहेब म्हणाले, "इंजिनावर म्हंता ना? मंग कारभाऱ्यानं ओढ्याच्या उतारावर गिअर काढला व्हता. इंजिनावर न्हाई, उतारावर आला तो." कारभारी म्हणाले, "आन् तुम्हाला मारुतीपाशी चौघांनी ढकललं त्याचं काय?" रखमाजी म्हणाले, "मला तर ओढ्यात कुणीच ढकललं न्हाई, हा कोणता न्याय?" पुढं काय झालं ते क्रमानं सांगता येणार नाही. माझं टेबल पहिलं गेलं. मग फलक. मग चाबूक आले. खांदेमळणीचं लोणी बैलांऐवजी माणसांच्या डोक्यांना लागलं.

संध्याकाळी फौजदार जीप घेऊन आले आणि बुधवारी सकाळी वेशीवर कागद चिकटला: जमावबंदी. पाच किंवा अधिक इसमांनी एकत्र येऊ नये. पोळा तिसऱ्या वर्षी बंद.

मी घराबाहेर पडलो नाही. कौसल्येनं पुरण घातलं होतं, मला घास गिळवेना. दुपारी नंदाबाई दारात आल्या. डोळे सुजलेले. "म्या माझ्याच तोंडानं घालवलं, गुरुजी," त्या म्हणाल्या. "गप ऱ्हायले असते तर?" कलम सात मीच लिहिलं होतं. मी म्हणालो, "चूक माझी आहे, बाई." हे मी आयुष्यात फार कमी वेळा म्हणालो आहे. कौसल्येनं चमकून माझ्याकडं पाहिलं.

मग तिनं विचारलं, "त्या कागदावर काय लिहिलंय? पाच इसम ना? बैलाला इसम म्हंतात का?"

चार वाजता नंदाबाई हौशाला आणि त्याच्या जोडीच्या लहान बैलाला घेऊन वेशीकडं निघाल्या. मागून मी. लाल गोंडा, रंगवलेली शिंगं, जुनी झूल. रस्ता ओस. सगळं गाव दाराआड, खिडक्यांत डोळे. तोरण पहाटेच पुंजारामानं बांधलं होतं आणि ते काढायचं का ठेवायचं, ह्याबद्दल हुकुमात काही नव्हतं. फौजदार तोरणाच्या कडेला खुर्ची टाकून बसले होते, शेजारी ठाण्याचा एक शिपाई. नंदाबाईंनी हात जोडले. "साहेब, मी एकटी बाई. जाऊ द्या." फौजदारांनी बोटं मोजली. स्वतः, शिपाई, बाई, गुरुजी. "चार होतात," ते म्हणाले. "बराबर आहे. जा जल्दी."

नंदाबाईंनी कासरा ओढला. हौशा तोरणापर्यंत आला आणि थांबला. त्यांनी चुचकारलं. तो हलेना. पाठीवर थाप मारली. तो बाजूला सरकला, रस्ता मोकळा करून भिंतीला लागून उभा राहिला आणि मान वळवून गावाकडं पाहायला लागला. पाच मिनिटं गेली. दहा गेली. फौजदार म्हणाले, "बाई, काय झालं त्याला?"

नंदाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "सोळा पोळे तो सगळ्यांच्या मागं गेला, साहेब," त्या म्हणाल्या. "त्याला वाटून राह्यलं, मोठ्यांची बैलं जायची राह्यली."

फौजदारांनी टोपी काढून डोकं पुसलं. मी तोरणाकडं पाहत होतो. एकही पान तुटलेलं नव्हतं, आणि त्याखालून जायला जगात कुणाची आडकाठी नव्हती, आणि बैल जात नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हा हौशा हंबरला. एकदाच, लांब. आणि गल्लीतून घुंगरांचा आवाज आला. मी वळून पाहिलं. एक जोडी येत होती, झूल, बाशिंग, सगळं, पण सोबत माणूस नाही. तिच्यामागं दुसरी. मग चार, मग गल्ली भरून. कौसल्या मागच्या परसांतून एकटीच घराघरांत फिरली होती आणि तिनं बायकांना सांगितलं होतं, माणसं घरात ठेवा, बैल सोडा. पुरुष दाराआड ओरडत होते, मान कुणाचा, आधी कुणाचा सोडला. बाहेर कुणाला येता येत नव्हतं. बाहेर आम्ही चौघं होतो आणि नियमानं पाचवा येऊ शकत नव्हता. शिपाई फौजदारांना म्हणाला, "साहेब, हे तर सत्तरच्या वर हायत." फौजदार म्हणाले, "इसम मोज."

बैल आले तसे गेले. काळा, पांढरा, कुणाचा कोणता ते शिंगांवरून कळलं असतं, पण धूळ उडत होती. पानं तुटून पडत होती. हौशा भिंतीला लागून शांत उभा होता; जोडीचा लहान बैल केव्हाच त्या गर्दीबरोबर पुढं गेला होता. सगळे गेल्यावर, तोरणाची नुसती दोरी उरल्यावर, त्यानं एक पाऊल टाकलं. नंदाबाईंनी कासरा सोडून दिला. तो त्या दोरीखालून सावकाश, एकटा, चालत पलीकडं गेला. नंदाबाई पदर तोंडाला लावून मोठ्यानं रडल्या, आणि मीही रडलो, हे लपवायचं कारण नाही.

मला कारणे दाखवा नोटीस आठवड्यात आली: विद्यार्थ्यांच्या प्रभातफेरीत अकरा ट्रॅक्टर का होते, याचा खुलासा करावा. मी खुलासा केला, त्यामुळं बदली लवकर झाली. पण त्याआधी, पोळ्याच्याच संध्याकाळी, काकासाहेब आणि कारभारी दोघे माझ्या दारात आले. दोघांच्याही डोक्याला पट्टी. एकत्र आले होते, म्हणजे मामला गंभीर होता.

"गुरुजी, तुम्ही तिथं व्हते," काकासाहेब म्हणाले. "खरं सांगा. तोरणाखालून पहिला कुणाचा गेला?"

"मी पाहिलं न्हाई," मी म्हणालो, आणि ह्या वेळी ते खरं होतं. "शेवटचा गेला तो पाहिला. त्याचं विचारा, तेवढं सांगतो."